‘सुरांना भाषा नसते’ म्हणणाऱ्यांना

सीमाभागातील सांस्कृतिक व्यासपीठांवर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘सुरांना भाषा नसते.’ वाक्य गोड आहे. टाळ्याही मिळतात. गेल्या कित्येक वर्षांच्या अनुभवावरून आमचे निरीक्षण असे की, हे वाक्य बहुधा तेव्हाच उच्चारले जाते, जेव्हा कार्यक्रमातून कोणाची तरी भाषा वगळायची असते. ज्याची भाषा राहणारच असते, त्याला सुरांच्या भाषाहीनतेची आठवण कोणी करून देत नाही. अभंगगायनाचा कार्यक्रम ठरतो, मराठी निवेदनाचा विषय निघतो आणि त्याच क्षणी सूर अचानक निर्भाष होतात. निवेदन मात्र कोणत्या ना कोणत्या भाषेत होतेच.

या विधानाची उलटतपासणी आम्ही येथे करणार आहोत. आमच्याच प्रकरणात आमची साक्ष काढली, तर ती हितसंबंधी ठरेल. म्हणून साक्षीदार लांबचा घेतला आहे. त्याचा बेळगावशी, गोव्याशी वा इंदूरशी काही संबंध नाही. तो नॉर्वेचा आहे.

आर्ने गारबोर्ग यांचा ‘हाउगटुस्सा’ हा काव्यग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला. ‘हाउग’ म्हणजे टेकडी आणि ‘टुस्सा’ म्हणजे त्या टेकडीच्या पोटात राहणाऱ्या अदृश्य जातीची बाई. नैऋत्य नॉर्वेतील यारेन या वाऱ्याने झोडपलेल्या, दगडधोंड्यांच्या प्रदेशात वेस्लमोय नावाची एक गरीब मुलगी गुरे राखते. तिला इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात, म्हणून गाव तिला हाउगटुस्सा म्हणू लागते. ती प्रेमात पडते, प्रियकर घरंदाज मुलीकडे वळतो आणि डोंगरातली काळी शक्ती तिला आत ओढू पाहते. कविता सत्तरच्या आसपास, वृत्ते निरनिराळी; कुठे गाण्याची चाल, कुठे गोष्ट, कुठे जळजळीत उपहास. गारबोर्ग स्वतः यारेनमधल्या शेतकऱ्याचे पुत्र. कर्मठ धर्मभीतीने पोखरलेल्या त्यांच्या वडिलांनी १८७० साली आत्महत्या केली. त्या प्रदेशातले अंधारातले आवाज त्यांनी पुस्तकांतून गोळा केलेले नव्हते.

हा ग्रंथ कोणत्या भाषेत लिहिला गेला, हा आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. नॉर्वे सुमारे चार शतके डेन्मार्कच्या छत्राखाली होता. १८१४ साली ते छत्र गेले, पण लिखित भाषा डॅनिशच राहिली. दरबार, चर्चचा व्यासपीठ-ग्रंथ, न्यायालय, शाळा सारे डॅनिशमध्ये. शेतात, गोठ्यात आणि अंगाईत मात्र बोली. १८४० च्या दशकात ईवार ओसेन हा स्वयंशिक्षित शेतकरीपुत्र खेडोपाडी पायी हिंडला, बोली टिपून घेतल्या, १८४८ मध्ये त्यांचे व्याकरण आणि १८५० मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यातून जी लेखनभाषा उभी राहिली, तिला त्या वेळी ‘लान्समोल’ म्हणत. १९२९ पासून तिचे अधिकृत नाव ‘नीनोर्स्क’. दुसरी, डॅनिशमधून उतरलेली, ती आजची ‘बूकमोल’. गारबोर्ग दुसऱ्या भाषेतही सहज लिहू शकत होते आणि लिहीतही. ‘हाउगटुस्सा’ त्यांनी लान्समोलमध्ये लिहिला. ही निवड होती, अपरिहार्यता नव्हती. आणि कायद्यात निवडीला हेतूचा पुरावा मानतात.

आता सुरांकडे येऊ. एडवर्ड ग्रीग यांनी ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी त्यातील कवितांना चाली लावायला घेतल्या. सुरुवातीला त्यांच्या मनात मोठी रचना होती. अखेर १८९८ मध्ये एक आवाज आणि पियानो यांच्यासाठी आठ गीते प्रसिद्ध झाली. ग्रीग बर्गेन शहरातले, व्यापारी घराण्यातले. लान्समोल त्यांच्या घरची भाषा नव्हती. तरीही त्याआधी १८८० मध्ये त्यांनी ओ. ओ. विन्ये या लान्समोल कवीच्या बारा कविता स्वरबद्ध केल्या होत्या. म्हणजे पलीकडच्या बाजूचा एक थोर संगीतकार दोनदा चालत या भाषेकडे आला. सुरांना भाषा नसती, तर त्याने हे कष्ट कशाला घेतले असते?

येथे जरा तपशिलात शिरतो, कारण ‘भाषा नसते’ म्हणणारे लोक तपशिलाला घाबरतात. डॅनिशमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिसळून एकच झाले आहे. दोनच लिंगे उरली. ओसेनच्या भाषेत, आपल्या मराठीप्रमाणेच, तिन्ही जिवंत आहेत. ‘हाउगटुस्सा’ या शब्दाच्या शेवटी असलेला ‘आ’ हे त्या स्त्रीलिंगाचे चिन्ह. दगडाला डॅनिश वळणात ‘स्टेन’ म्हणतात, लान्समोलमध्ये ‘स्टेइन’. एक स्वर साधा आहे, दुसरा जोडस्वर. गाणाऱ्याला विचारा : साध्या स्वरावर आवाज ठेवणे आणि जोडस्वरावरून तो घसरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ‘वाहणारा’, ‘झुळझुळणारा’ अशा अर्थाची धातुसाधिते एका भाषेत ‘-एन्दे’वर संपतात, दुसरीत ‘-आन्दे’वर. ओढ्याचे गाणे असेल तर ही रूपे ओळीओळीला येणार, आणि उघडा ‘आ’ आणि आखडता ‘ए’ यांतला फरक प्रत्येक आवर्तनात कानावर पडणार. ग्रीग यांचे स्वर या अक्षरांवर बसवलेले आहेत. अक्षरे बदला, स्वरलिपी तीच राहील. गाणे तेच राहणार नाही. ज्ञानेश्वरीतली ओवी ‘सोपी’ करून त्याच चालीत म्हणून पाहावी, म्हणजे आमचे म्हणणे कळेल.

आणि शब्द अजिबातच काढून टाकले तर काय होते, याचाही पुरावा ग्रीग यांच्याच दप्तरात आहे. इब्सेन यांचे ‘पेर ग्युन्ट’ हे नाट्यकाव्य १८६७ चे. ग्रीग यांच्या संगीतासह ते २४ फेब्रुवारी १८७६ रोजी राजधानीत रंगभूमीवर आले. पुढे त्यातील संगीताचे तुकडे वेगळे काढून वाद्यवृंदासाठी दोन मालिका झाल्या, आणि त्या शब्दांवाचून जगभर गेल्या. त्यातली ‘सकाळ’ आज भ्रमणध्वनीच्या गजरापर्यंत पोहोचली आहे. ऐकणारा डोळे मिटून नॉर्वेचे हिमशिखर आणि खाडीवरचा सूर्योदय पाहतो. नाटकात ती सकाळ आफ्रिकेतली आहे! चौथ्या अंकात पेर हा लबाड, स्वतःवर खूष असलेला धनिक उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलेला असतो आणि तेथे त्याची फजिती व्हायची असते. शब्द गेले आणि उपहासाचे पर्यटन-चित्र झाले. सुरांना भाषा नसते म्हणणाऱ्यांनी या एका सकाळीचे उत्तर द्यावे.

‘हाउगटुस्सा’च्या बाबतीत नुकसान वेगळ्या प्रकारचे झाले. ग्रीग यांच्या आठ गीतांत मुलगी भेटते, प्रेम करते, फसवली जाते आणि अखेर ओढ्याकाठी येते. ओढा तिला विसावायला, स्वप्न पाहायला, आठवायला, विसरायला आणि शेवटी निजायला जागा देतो. पडदा. श्रोता समजतो की मुलगी संपली. गारबोर्ग यांच्या ग्रंथात ओढ्याची कविता शेवटची नाही! तिच्यापुढे बरेच काही आहे : डोंगरातल्या सैतानी मंडळींची सभा आहे, तिला आत ओढण्याचे डाव आहेत आणि तिचा लढा आहे. ती लढते. गारबोर्ग यांनी तिला इतके जिवंत ठेवले की १९०१ मध्ये तिच्या परलोकयात्रेवर दुसरा ग्रंथ लिहिला. संगीतसभेतल्या निवडीने एका लढणाऱ्या मुलीची मरणारी मुलगी केली. ग्रीग यांना दोष देण्याचे कारण नाही. आठ गीतांच्या मालिकेला आपला शेवट हवा असतो. पण दस्तऐवज संपूर्ण वाचावा, एखाद्या कलमावरून त्याचा अर्थ लावू नये, हा नियम आम्ही वकिलीच्या पहिल्या वर्षी शिकलो. तो कवितेला लागू का होऊ नये? त्यातच, परदेशी सभागृहांत ही गीते दीर्घकाळ जर्मन भाषांतरात गायली गेली. म्हणजे एका दस्ताचा सुमारे नववा हिस्सा, तोही नकलेत.

या पार्श्वभूमीवर आमचे म्हणणे असे आहे : अभिजात कवितेला, आणि विशेषतः दुय्यम ठरवल्या गेलेल्या भाषेतील अभिजात कवितेला, न्याय देणारा प्रकार एकपात्री संगीत-प्रयोग हा आहे. वाद्यवृंद नाही, शब्द खाऊन टाकणारे भव्य नेपथ्य नाही. एक माणूस, एखाददुसरे वाद्य आणि कविता. नॉर्वेत हे झाले आहे. ग्रंथाच्या शताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, लिन्नी ट्रेएक्रेम या गायिकेने केतिल ब्योर्नस्टाड यांच्या नव्या संगीतासह ‘हाउगटुस्सा’ची ध्वनिमुद्रिका केली. चाली नव्या, शब्द गारबोर्ग यांचेच. ग्रीगसारख्या दिग्गजाच्या चाली बाजूला ठेवण्याचे धाडस झाले, पण भाषेला हात लावला गेला नाही. सूर बदलता येतात, शब्द नाही, हा त्यातला क्रम लक्षात घ्यावा. ‘सुरांना भाषा नसते’ म्हणणाऱ्यांनी लावलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

एकटा कलावंत का, असे कोणी विचारील. कारण या ग्रंथात निवेदक, आई, मुलगी, प्रियकर, भुते आणि ओढा हे सारे एकाच बोलीत बोलतात. दहा नटांना वाटून दिले की ती दहा पात्रे होतात. एकाच कंठातून आले की त्यांचे मूळ रूप दिसते : एका मुलीच्या डोक्यातले आवाज. शिवाय एकपात्री प्रयोगात लपायला जागा नसते. शब्द कळला नाही तर दोष प्रकाशयोजनेवर ढकलता येत नाही. म्हणून कलावंताला भाषा कमवावी लागते. आठ गाणी गाऊन भागत नाही; मधल्या, चाल नसलेल्या कविता बोलाव्या लागतात, आणि तेथेच बोलीचे खरे वजन उतरते. आमची एक सूचना अशी की, गाण्यांमधली जागा गद्य निवेदनाने भरू नये. ‘आता वेस्लमोय दुःखी आहे’ असे सांगणाऱ्या निवेदकाची तेथे गरज नाही, कारण गारबोर्ग यांनी त्या जागेसाठी कविता लिहून ठेवलेली आहे.

आपल्या वाचकांना हा प्रकार परका वाटू नये. नारदीय कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंगात हेच करतो. गदिमांचे गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले तेव्हा गायक अनेक होते; पुढे सुधीर फडके यांनी ती छप्पन्न गीते रंगमंचावर एकट्याने गायली. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रे एकट्याने उभी केली, तीही मराठवाडी बोलीत. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळावे म्हणून त्यांनी बोली धुऊन घेतली नाही. प्रेक्षक बोलीपर्यंत चालत गेला आणि हसला.

येथे आमचे प्रतिपक्षी दुसरा मुद्दा काढतात. ‘पाहा,’ ते म्हणतात, ‘नॉर्वेत दोन लेखनभाषा किती गुण्यागोविंदाने नांदतात! तुम्हीच भांडता.’ हा युक्तिवाद इतिहास न वाचता केलेला आहे. १२ मे १८८५ रोजी नॉर्वेच्या संसदेने, स्टोर्टिंगने, लान्समोलला डॅनिश-नॉर्वेजियनच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा ठराव केला. तो कोणी भेट म्हणून दिला नव्हता. राजकीय संघर्षातून आला. दर्जा मिळाला तरी राजधानीत या भाषेला रंगमंच नव्हता. आर्ने यांच्या पत्नी हुल्डा गारबोर्ग यांनी पुढाकार घेतला आणि १९१२ मध्ये ‘देत नोर्स्के तिआत्रे’, म्हणजे ‘नॉर्वेजियन नाट्यगृह’, स्थापन झाले. १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये ते राजधानीत सुरू झाले, तेव्हा होल्बर्ग यांच्या ‘येप्पे’ या प्रसिद्ध नाटकाच्या प्रयोगात प्रतिष्ठितांच्या मुलांनी शिट्ट्या आणि आरडाओरड्याने सभागृह डोक्यावर घेतले. नाटक सर्वांच्या ओळखीचे होते. गुन्हा एवढाच की, आर्ने गारबोर्ग यांनी ते शेतकऱ्यांच्या भाषेत आणले होते. नाट्यगृह टिकले, आजही ऑस्लोत उभे आहे.

गुण्यागोविंदाने म्हणाल, तर त्या गोविंदाच्या हाती कायदा आहे. सरकारी कार्यालयांनी प्रसिद्ध करावयाच्या मजकुरात दोहोंपैकी कोणतीही लेखनभाषा पंचवीस टक्क्यांखाली जाता कामा नये, असे बंधन तेथे कायद्याने घातले. नीनोर्स्क ही मुख्य लेखनभाषा म्हणून शिकणारी मुले एकेकाळी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत होती, आज ती आठांत एकाच्या आसपास उरली आहेत. तरी हे बंधन ढिले झाले नाही. आमच्याकडे १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या निवेदनात पंधरा टक्के लोकसंख्येचा निकष आला, तोही कायदा म्हणून नव्हे. नॉर्वेचे उदाहरण देणाऱ्यांनी ते संपूर्ण द्यावे. त्यातला शांततेचा भाग उचलून कलमाचा भाग टाकू नये.

कलमांचाच विषय निघाला आहे, तर आणखी एक. गारबोर्ग १९२४ साली वारले, ग्रीग १९०७ साली. दोघांच्या कृतींवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. कोणीही उठावे आणि प्रयोग करावा. म्हणजे वाटेल ते करावे काय? नॉर्वेच्या १९६१ च्या कॉपीराइट कायद्यात एक विलक्षण तरतूद होती, आणि २०१८ च्या नव्या कायद्यानेही तिचे तत्त्व सोडलेले नाही. हक्काची मुदत संपल्यानंतरही एखादी कृती तिच्या कर्त्याच्या प्रतिष्ठेला वा कृतीच्या स्वत्वाला बाधा येईल, किंवा सर्वसाधारण सांस्कृतिक हिताला हानी पोहोचेल अशा रीतीने लोकांपुढे मांडली जात असेल, तर शासन त्यास मनाई करू शकते. त्या देशाने आपल्या अभिजात कृतींना मृत मालकाची बेवारस मालमत्ता मानलेले नाही. शासनाला असा अधिकार द्यावा की नाही, याबद्दल आमच्या मनात शंका आहेत. उद्या तो कोणाच्या हाती पडेल, हे सीमाभागात राहणाऱ्याने विचारलेच पाहिजे. पण तत्त्व खरे आहे. आपल्याकडे कलम ५७ अन्वये लेखकाला विशेष हक्क आहेत. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एक उपयुक्त रेषा आखली : माध्यम बदलते तेव्हा काही बदल अटळ असतात, ते चालतील, मूळ कृतीचा विपर्यास करणारे चालणार नाहीत.

ही रेषा एकपात्री प्रयोगाला लावून पाहू. सत्तर कवितांतून पंचवीस निवडणे, हा माध्यमाने मागितलेला बदल. क्रम थोडा हलवणे, चाल नवी लावणे, पियानोऐवजी हार्डांगर फिडल घेणे, हेही त्यातलेच. लढा कापून मुलीला ओढ्यात सोडून देणे हा विपर्यास. आणि भाषा बदलून, ‘आशय तर तोच आहे ना’ म्हणणे, हा त्याहून मोठा. प्रेक्षकाला कळत नसेल तर पडद्यावर अर्थ द्या, हातात छापील भाषांतर द्या. इटालियन ऑपेरा जगभर असाच ऐकला जातो. ‘प्रेक्षकाला समजणार नाही’ ही सबब इटालियनला कधी लावली गेली नाही. ती नेहमी खेड्यातल्या भाषेला लावतात.

गारबोर्ग यांच्या वतीने एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. भाषांतराला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. उतारवयात त्यांनी होमरचे ‘ओडिसी’ आपल्या भाषेत आणले आणि १९२२ मध्ये रामायणातील कथाभागही आणला. यारेनच्या शेतकऱ्याच्या भाषेत राम बोलला! दोन्ही वेळा दिशा एकच होती : थोर कृती लहान समजल्या गेलेल्या भाषेत आणायची. लहान भाषेतली कृती मोठ्या भाषेत विरघळवून मूळ फेकून द्यायचे, ही दिशा त्यांची नव्हती.

तेव्हा कोणी ‘हाउगटुस्सा’चा मराठी एकपात्री प्रयोग करू म्हणाले, तर आम्ही स्वागतच करू. मात्र दोन अटी घालू. इंग्रजी वा जर्मन नकलेवरून करू नये. नीनोर्स्क जाणणाऱ्याला शेजारी बसवून मूळ दस्तावरून करावा. आणि वेस्लमोयला पुण्याच्या प्रमाण मराठीत बोलवू नये. तसे केले तर ते तिला डॅनिशमध्ये बोलवल्यासारखेच होईल. ती चंदगडकडच्या, खानापूरकडच्या किंवा मालवणच्या गुराखी पोरीच्या बोलीत बोलली पाहिजे. कोणत्या, यावर वाद होईल, व्हावा. ‘हाउगटुस्सा’ला मराठीत काय म्हणावे, यावरच आमच्या मित्रमंडळींत एक संध्याकाळ गेली. ‘जखीण’ फार भीतिदायक, ‘आसरा’ पाण्यातली, ‘डोंगरकन्या’ तर शाळेच्या स्नेहसंमेलनातली. गावाने चिडवायला ठेवलेले, पण पोरीला हळूहळू खरे वाटू लागलेले असे नाव हवे आहे. सीमेवरच्या वाचकांपैकी कोणाच्या आजीच्या तोंडी असा शब्द असेल, तर तो कळवावा. कोणत्या गावचा तेही लिहावे.